नव्या सिस्टरची पहिली सहामाही : पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचे परीक्षण

पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी सहा महिन्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम चालवला जातो, त्याचे हे परीक्षण आहे. मी तो पूर्ण केला असून सध्या त्याच रुग्णालयाच्या शस्त्रक्रियोत्तर वॉर्डात काम करते. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण येथे नोंदवलेल्या त्रुटी माझ्या मैत्रिणी जिथे जिथे रुजू झाल्या त्या बहुतेक ठिकाणी याच स्वरूपात आढळतात. चांगल्या गोष्टी मात्र फार थोड्या ठिकाणी आढळतात. जीएनएम (परिचारिकेची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग नुकतेच पूर्ण करून मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना ‘आमच्याकडे इंडक्शन (रुजू झाल्यावरचे प्रशिक्षण) असते’ या आश्वासनातून प्रत्यक्षात काय पदरात पडते, हे आधी कळावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

अशा कार्यक्रमाची गरज का भासते, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. तीन किंवा चार वर्षांच्या शिक्षणात आम्ही रुग्णालयांत पुष्कळ काळ काढलेला असतो, इंजेक्शने दिलेली असतात, ड्रेसिंग केलेली असतात, प्रसूती पाहिलेल्या असतात, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती आल्यावर कायद्याच्या दृष्टीने आम्ही पूर्ण परिचारिका असतो. परंतु विद्यार्थिनी असताना एका रुग्णाभोवती आम्ही तिघी-चौघी असतो, एक काम एका वेळी करतो, आणि चुकलेच तर मागे वॉर्डची सिस्टर उभी असते. नोकरीच्या पहिल्या सकाळी सहा रुग्ण एकटीच्या नावावर येतात. एकाला नाश्त्यापूर्वी इन्सुलिन द्यायचे असते, दुसऱ्याचा प्रतिजैविकाचा डोस त्याच वेळेचा असतो, तिसऱ्याला शस्त्रक्रियेसाठी खाली न्यायला वॉर्डबॉय मामा ट्रॉली घेऊन दारात उभे असतात, चौथ्याचे नातेवाईक डिस्चार्जची फाईल कुठे अडली म्हणून काउंटरवर हात आपटत असतात, आणि तेवढ्यात सरांचा राऊंड सुरू होतो. यातले कोणतेही एक काम आम्हाला येत नाही असे नाही; पाचही एकदम समोर आल्यावर आधी कशाला हात घालायचा, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली या अवस्थेचे ‘वास्तवाचा धक्का’ असे वर्णन केले होते. पन्नास वर्षांनंतर पुण्यातल्या वॉर्डात उभे राहूनही ते वर्णन जुने वाटत नाही.

कार्यक्रमाचा पहिला भाग वर्गात चालतो. रुग्णालयाचा इतिहास, व्यवस्थापनाची ओळख, हजेरीची पद्धत आणि सॉफ्टवेअर यांवर जो वेळ जातो, त्यातला निम्मा सहज वाचवता येईल. सॉफ्टवेअर तर पडद्यावर पाहून कोणालाच येत नाही, ते वॉर्डातल्या संगणकावर बसल्यावरच येते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतले पिवळे, लाल, पांढरे आणि निळे डबे कॉलेजात पाठ केलेलेच असतात. मात्र सुई टोचली तर काय करायचे, हे येथे ज्या स्पष्टपणे सांगितले, तसे मी पूर्वी ऐकले नव्हते. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, स्पिरिट लावायचे नाही, लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचे आणि ड्युटी संपण्याची वाट न पाहता अपघात विभागात जायचे, कारण एचआयव्हीच्या संसर्गापासून बचाव करणारी औषधे जितक्या लवकर, शक्य तर दोन तासांच्या आत, सुरू होतील तितके चांगले आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. ही माहिती पुस्तकात असते. पण नवी मुलगी ओरडा बसेल या भीतीने सुई टोचल्याचे लपवते, हे ओळखून ‘ओरडा बसणार नाही, मला रात्री दोन वाजताही फोन करा’ असे संसर्ग-नियंत्रण विभागाच्या सिस्टरनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि आपला क्रमांक फळ्यावर लिहिला, याचे मोल मला अधिक वाटते.

वर्गातील सर्वोत्तम तास इन्सुलिनचा होता, आणि तो तपशिलाने सांगण्यासारखा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन शक्तींच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटची आणि मिलिलिटरला १०० युनिटची. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी केशरी टोपणाची. शिकवणाऱ्या सिस्टरनी रंगीत पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि दोन्ही सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत पाणी भरून आमच्या हातात दिले. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर पाणी होते आणि केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. १०० युनिटच्या बाटलीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट घोटाळा झाला तर २० ऐवजी केवळ आठच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे चक्रावतात. हे गणित आम्हाला कॉलेजात येत होते. पण दोन सिरिंज शेजारी धरून तो फरक डोळ्यांनी पाहिल्यापासून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवल्याशिवाय आमच्यापैकी कोणाचाही हात पुढे सरकत नाही. संपूर्ण वर्गभाग असाच, हातात वस्तू देऊन शिकवला असता, तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीवर दाब देण्याचा सरावही पुतळ्यावर चांगला घेतला; मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देताना दोन मिनिटांत दम लागतो आणि म्हणूनच माणूस बदलावा लागतो, हे तेथेच अंगाला कळले.

कार्यक्रमाचा खरा जीव दुसऱ्या भागात आहे. वर्ग संपल्यावर प्रत्येक नव्या परिचारिकेला वॉर्डातील एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली देतात, दोघींच्या ड्युट्या एकत्र लावतात आणि नवी परिचारिका त्या सिस्टरच्याच रुग्णांवर काम करते. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुजलेली आहे आणि तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने २०२० साली तिची तत्त्वे प्रसिद्ध केलेली आहेत; आपल्याकडे ती प्रत्येक रुग्णालयाच्या इच्छेवर अवलंबून आहे. मला मिळालेल्या सिस्टर मूळच्या सांगलीकडच्या आणि वॉर्डात अनेक वर्षे काढलेल्या होत्या. त्यांनी मला नवे तंत्र असे फारसे शिकवले नाही. त्यांनी मला काम लावायला शिकवले. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून रुग्णांचा ताबा, घेताना केवळ ऐकायचे नाही, प्रत्येक खाटेपाशी जाऊन सलाईनचा वेग, कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आणि लघवीची पिशवी स्वतः पाहायची आणि मगच ‘घेतले’ म्हणायचे, ही त्यांची पहिली अट होती. कागदाच्या एका पानावर सहा रुग्ण आडवे आणि तास उभे मांडून दिवसाचा तक्ता करायची त्यांची रीत मी आजही पाळते. त्या तक्त्यामुळे आठ वाजता कोणती दोन कामे एकमेकांवर येणार आहेत, हे सात वाजताच दिसते.

त्यांच्याकडून शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे डॉक्टरांना रात्री फोन कसा करावा. नव्या परिचारिकेला रुग्णाचे काहीतरी बिनसले आहे हे बहुधा कळते, परंतु फोन लावण्याचे धैर्य होत नाही. डॉक्टर रागावतील, ‘एवढ्यासाठी उठवलं?’ म्हणतील, अशी धास्ती असते, आणि त्या धास्तीत मोलाचा तास निघून जातो. एका रात्री पोटाची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या, बारा नंबरच्या खाटेवरच्या एका रुग्णाचा चेहरा मला फिकट वाटला. मी सिस्टरांना म्हटले, ‘सिस्टर, बाराला बरं वाटत नाहीये.’ त्या म्हणाल्या, ‘बरं वाटत नाही म्हणजे काय गं? आधी आकडे घे, कागदावर लिही, मग फोन लाव. आणि फोन तूच लावायचास.’ नाडी ११८ भरली, रक्तदाब ९६ वर ६०, श्वास मिनिटाला २६, आणि साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी असताना पिशवीत दोन तासांची मिळून तेवढी जमली होती. मग त्यांनी शेजारी उभे राहून माझ्याकडून क्रमाने बोलवून घेतले : मी कोण आणि कुठून बोलते आहे, रुग्ण कोण आणि त्याचे आज काय झाले आहे, मला आत्ता काय दिसते आहे, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. ‘सर, आत रक्तस्राव होत असेल अशी शंका येते, तुम्ही आत्ता येऊन पाहा,’ हे शेवटचे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हते; त्यांनी हाताने खूण करून ते म्हणायला लावले. डॉक्टर काही मिनिटांत आले आणि रुग्णाला पहाटेपूर्वी पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले. फोनवर मिळालेली प्रत्येक सूचना उलट वाचून दाखवायची आणि लगेच लिहून काढायची, हेही त्याच रात्री अंगवळणी पडले. हा बोलण्याचा साचा जगभर शिकवला जातो आणि आमच्या वर्गातही त्याची एक स्लाइड होती. परंतु ती स्लाइड पाहून कोणी रात्री तीन वाजता फोन उचलेल असे मला वाटत नाही. फोन उचलण्यासाठी शेजारी कोणीतरी उभे असावे लागते.

नोंदी लिहिण्याच्या बाबतीतही या सोबतीचा मोठा उपयोग झाला. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलींना इंग्रजीत नर्सिंग नोट्स लिहिण्याचा जो ताण येतो, त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मुली मग जुन्या फायलींतली वाक्ये उतरवतात, आणि प्रत्येक रुग्ण प्रत्येक ड्युटीत ‘कम्फर्टेबल’ आणि ‘स्टेबल’ होऊन बसतो. आमच्या सिस्टरनी हे शब्द वापरायला बंदी केली. ‘तुला जे दिसलं ते लिही, किती वाजता दिसलं ते लिही, तू काय केलंस आणि कुणाला सांगितलंस ते लिही; व्याकरण चुकलं तर चुकू दे,’ असे त्या म्हणत. या कार्यक्रमाच्या आखणीत भाषेसाठी एकही तास नाही, ही मला मोठी उणीव वाटते. ज्या मुलीला वर्गात प्रश्न विचारायला इंग्रजी आड येते, तिच्या शंका वॉर्डात रुग्णापाशीच उघड होतात, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.

आता त्रुटीविषयी. माझ्या मते सर्वांत मोठी एकच आहे, पण तिने कार्यक्रमाची अर्धी किंमत जाते. कागदावर नव्या परिचारिकेला सुरुवातीचे काही आठवडे काउंटमध्ये धरायचे नाही, म्हणजे वॉर्डाला लागणाऱ्या परिचारिकांच्या संख्येत तिची गणती करायची नाही, असा नियम आहे. तो पाळला जातो तोवर हा कार्यक्रम उत्तम आहे. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढले, वॉर्ड भरला, दोन सिस्टर स्वतःच आजारी पडल्या, आणि एका सकाळी ड्युटीच्या तक्त्यावर माझे नाव काउंटमध्ये आले. माझ्या सिस्टरना अतिदक्षता विभागात पाठवले गेले. त्या दिवसापासून पुढचे बरेच आठवडे माझी ‘सोबत’ केवळ प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत उरली. त्या पुस्तिकेत रक्त चढवणे, केंद्रीय शिरेतील नळीची काळजी, श्वासनलिकेतील स्राव ओढणे अशा प्रत्येक कौशल्यापुढे तीन वेळा पाहिल्याची आणि तीन वेळा देखरेखीखाली केल्याची सही लागते; महिनाअखेरीस पुस्तिका जमा करायची म्हणून अनेकींच्या पुस्तिकेत या सह्या एकाच पेनाने एका बैठकीत झाल्या. सही करणाऱ्या सिस्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्याही वाट्याला तेव्हा दहा-दहा रुग्ण होते. परंतु रक्ताची पिशवी लावताना दोघींनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि मुदत वाचून पाहायची, पहिली १५ मिनिटे रुग्णापाशी थांबायचे आणि चार तासांच्या आत पिशवी संपवायची, हा जो नियम आहे, त्यातली दुसरी व्यक्तीच वॉर्डात मोकळी नसेल, तर पुस्तिकेतली सही रुग्णाचे रक्षण करू शकत नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, आणि रजांसाठी त्यावर ३० टक्के अधिक संख्या राखावी. हे तीस टक्के राखलेले नसतात, म्हणून पहिली गळती नेहमी नव्या मुलीच्या शिकण्याच्या वेळेतून होते. व्यवस्थापनाला ती गळती दिसत नाही, कारण तक्त्यावर संख्या पूर्ण भरलेली असते. आमच्याबरोबर रुजू झालेल्यांपैकी काही जणी याच आठवड्यांत नोकरी सोडून गेल्या. त्यातल्या एकीचे हात माझ्याहून कितीतरी कुशल होते. लहान मुलांच्या बारीक शिरेत पिवळी कॅन्युला ती पहिल्या प्रयत्नात लावत असे. तिला काम जमत नव्हते म्हणून ती गेली, असे कोणी म्हणू नये.

रात्रपाळीची तयारीही अपुरी आहे. रात्री आठ ते सकाळी आठ अशा सलग ड्युट्यांत कधी खावे, दिवसा झोप कशी राखावी, पहाटे चारनंतर औषधाचे गणित करताना दुसरीकडून तपासून घेणे का आवश्यक आहे, याविषयी थोडेसे सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते. संतापलेल्या नातेवाइकांना तोंड देण्याविषयी एक व्याख्यान झाले. त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याची आणि त्यातल्या तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची माहिती मिळाली. परंतु रात्री अकरा वाजता काउंटरवर पाच माणसे ओरडू लागली, तर सुरक्षारक्षक किती वेळात पोहोचेल आणि तोवर नव्या मुलीने एकटीने बोलायचे की इन्चार्जना बोलवायचे, हे त्या व्याख्यानात नव्हते. ते आम्हाला अखेर वॉर्डातल्या मावशींनी, म्हणजे आयांनी, शिकवले. त्या आधी नातेवाइकांतल्या वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घेऊन खुर्ची आणि पाणी देतात, आणि मग सिस्टरांना बोलू देतात. रुग्णालयाने आपल्या मावशींना एकदा वर्गात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

एवढे असूनही मी हा कार्यक्रम नव्या मुलामुलींना सुचवते, कारण जिथे सोबतीची सिस्टर कागदावरसुद्धा नसते, दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी लागते आणि चूक झाल्यावरच शिकवणी सुरू होते, अशा ठिकाणांपेक्षा तो फार पुढे आहे. मुलाखतीत मात्र ‘इंडक्शन किती दिवसांचे?’ असे विचारून थांबू नये. त्या काळात मला काउंटमध्ये धरणार का, माझ्या सिस्टर दुसऱ्या विभागात गेल्या तर माझे रुग्ण कोण पाहणार, आणि पहिली रात्रपाळी कोणाबरोबर असेल, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर नर्सिंग अधीक्षकांकडून घ्यावे, मनुष्यबळ विभागाकडून नव्हे. शक्य असेल तर मुलाखतीच्या दिवशी वॉर्डात दहा मिनिटे उभे राहून एका नव्या मुलीला तिच्या पुस्तिकेतल्या सह्या कशा होतात, ते हळूच विचारावे.

वेतन आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) यांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण या प्रशिक्षणाचे कारण पुढे करूनच दोन्ही ठरवले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये, आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन मिळावे, अशी शिफारस केली होती. आमच्या पहिल्या सहा महिन्यांचे विद्यावेतन मोठ्या रुग्णालयासाठीच्या या शिफारशीपासून फार दूर होते. ‘आम्ही तुम्हाला शिकवतो आहोत’ हे त्याचे दिलेले कारण, ज्या आठवड्यांत आम्हाला काउंटमध्ये धरले गेले त्या आठवड्यांना लागू पडत नाही. त्या आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळावे, असे लेखी निवेदन आमच्या तुकडीने दिले आहे आणि त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. बाँडच्या कागदावर सही करण्यापूर्वी मी त्याची प्रत घरी नेऊन वाचण्यासाठी मागितली आणि ती मिळाली, हे रुग्णालयाच्या बाजूने नमूद करते. ती प्रत जिथे मिळत नाही किंवा नोंदणीची मूळ प्रमाणपत्रे जिथे ठेवून घेतली जातात, तिथे छायाप्रती देऊन मूळ कागद दाखवून परत घ्यावेत, आणि त्याला नकार मिळाला तर दुसरे रुग्णालय पाहावे.